नाक्यावरची गर्दी

तुम्ही मेलेल्या माणसाला राबवताय. कोणाला न विचारता राबवताय, आणि त्याच्या चालण्यावर गाळे खपवताय.

हे वाक्य क्षिप्रा कित्येक दिवस तोंडात घोळवत होती. वाक्य तयार होतं, पण ते म्हणायचं कोणाला हेच ठरत नव्हतं. कंपनीत 'तुम्ही' म्हणावं असं कोणी नव्हतंच. कंपनी काढणारा साकेत होता, पण साकेतला ती शाळेपासून अरेतुरे करत आलेली. आणि साकेतला काहीही विचारा, तो छताकडे बोट करायचा. "वरून आलंय." सुट्टी रद्द झाली, वरून आलंय. माणसं कमी केली, वरून आलंय. वर म्हणजे कोण, हे वागळे इस्टेटच्या त्या ऑफिसात कोणी विचारत नव्हतं. देवाबद्दल तरी लोक शंका घेतात.

धंदा असा होता. 'नाका' नावाचं एक जग. डोळ्यांवर हेडसेट चढवला की तुम्ही एका रस्त्यावर उभे. रस्ता थोडा ठाण्याचा, थोडा डोंबिवलीचा, थोडा कुठलाच नाही असा. कोपऱ्यावर चहावाला, पुढे फुलवाली, वडाखाली पार. दुबईतल्या माणसाने तिकडून यायचं, न्यू जर्सीतल्या मित्राने तिकडून, आणि दोघांनी पारावर बसून गप्पा हाणायच्या. इथवर ठीकच होतं. क्षिप्राने तो रस्ता जीव लावून बांधलेला. भिंतीवरच्या पानाच्या पिचकाऱ्यासुद्धा तिने एकेक करून रंगवलेल्या. पण दुसऱ्याच्या गप्पांवर कंपनीचं पोट भरत नाही. कमाई होती गाळ्यांत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाळे काढलेले, ते खऱ्या दुकानदारांना भाड्याने द्यायचे. दुकानदार गाळा कधी घेतो? समोरून माणसं जाताना दिसली तर. म्हणून साकेत दुकानदारांना गर्दी दाखवायचा. आणि गर्दी झकास होती. नऊवारीतल्या बाया, सॅक लावलेली पोरं, फोनवर बोलणारे बाप्ये, सगळे आपापल्या नादात चाललेले. खरी माणसं त्या जगात दिवसाकाठी बोटांवर मोजण्याइतकी यायची, तीही बहुतेक स्टाफच्या घरची. बाकी गर्दी कंपनीच्या पुण्याच्या टीमने बनवून पाठवलेली.

बनवून म्हणजे कशातून, तेच या गोष्टीचं मूळ आहे.

क्षिप्राचे वडील भाऊ. घरात भाऊ, सोसायटीत भाऊ, भाजीवाल्यालाही भाऊ. शहाडच्या एका कारखान्यात त्यांनी अख्खी नोकरी काढली आणि निवृत्त होऊन डोंबिवलीच्या घरी पेपर वाचत बसले. साकेत त्यांच्याच समोरच्या बिल्डिंगमध्ये वाढला. त्याची आई नोकरीला, म्हणून शाळा सुटली की तो क्षिप्राच्या घरी जेवायचा. पुढे तो नौपाड्यात राहायला गेला, कंपनी काढली, क्षिप्राला कामाला घेतलं. आणि एका रविवारी जेवायला आला, तो काम घेऊनच.

"भाऊकाका, तुमची चाल पाहिजे मला."

"कुठे न्यायची?"

"नाक्यावर. पारावर एक आजोबा असतील. नवीन माणूस आला की ते त्याला रस्ता दाखवायला चार पावलं सोबत जाणार. एकच पात्र. त्याचं नावही भाऊच ठेवू."

"आणि मी मेलो की?"

"काहीतरीच काय, काका."

"काहीतरी नाही. मेल्यावर मी तिथे हिंडत राहायचं?"

"क्षिप्राने सांगितलं की काढून टाकू. शब्द देतो." हे बोलताना साकेतच्या ताटात हेमाने दुसऱ्यांदा वालाचं बिरडं वाढलेलं, आणि त्याने नको म्हटलं नव्हतं. हेमा म्हणजे क्षिप्राची आई. ते बिरडं तिच्या फार दिवस लक्षात राहिलं.

स्टुडिओत भाऊंना अंगाला घट्ट बसणारा काळा सूट घातला, त्यावर जागोजागी पांढरे गोळे चिकटवले. भोवती कॅमेरे. माणूस चालला की गोळे हलतात, गोळे हलले की कॉम्प्युटरमध्ये चाल उतरते. चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसती चाल. ती मग कोणाच्याही अंगावर चढवता येते.

"शिमग्याचं सोंग झालंय माझं," भाऊ म्हणाले.

क्षिप्राने जमिनीवर टेपने खुणा केल्या होत्या. "भाऊ, इथे चहावाला आहे समजा. इथे फुलवाली. आणि इथे गणपतीचं देऊळ आहे असं समजा."

"समजायचं काय त्यात? आहे म्हणालीस ना, मग आहे."

आणि ते चालायला लागले. उजवा गुडघा जरा बाहेर फेकत, पिशवीचा खांदा खाली, हातात पिशवी नसली तरी खाली. टेपच्या देवळापाशी आले आणि त्यांनी ते केलं. कामावर जायच्या वाटेवर देऊळ लागायचं. थांबायला वेळ नसायचा आणि तसंच पुढे जायला मन व्हायचं नाही. त्यावर त्यांनी नोकरीभर आपल्यापुरती एक तोड काढलेली. चालता चालता डाव्या पायातली चप्पल अर्धी काढायची, उजवा हात कपाळाला, मग छातीला, मान किंचित वाकवायची, आणि चप्पल परत पायात. एक पाऊल तेवढं अडखळायचं. स्टुडिओत त्यांच्या पायात चप्पल नव्हती. तरी त्यांनी ती काढली आणि घातली.

त्यानंतरच्या थंडीत भाऊ गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

वर्षश्राद्धही झालं नव्हतं, तेव्हा एका शनिवारी क्षिप्रा हेडसेट घरी घेऊन आली. हेमाच बरेच दिवस म्हणत होती, ह्यांना एकदा बघायचंय म्हणून. क्षिप्राने आईला सोफ्यावर बसवलं, हेडसेट चढवला, पट्टा घट्ट केला. "पारावर बघ. पांढरा सदरा."

"थांब, रस्ता तर बघू दे." हेमा मान वळवून वळवून बघत होती. मग म्हणाली, "अगं, ही नऊवारीतली बाई ह्यांच्यासारखी चालतेय."

क्षिप्रा हसली.

"हसू नको. आणि तो सॅकवाला. तोही." हेमाचा आवाज हळूहळू खाली गेला. "तो पोलीस. त्या दोन पोरी. क्षिप्रा, सगळे."

तिने हेडसेट काढला. केस विस्कटलेले तसेच ठेवून ती पोरीकडे बघत राहिली. "ह्यांना तिथून बाहेर काढ. मला बाकी काही नको."

क्षिप्राने रविवारभर ऑफिसच्या मशीनवर बसून एकेक पात्र उघडून पाहिलं. आई चुकली नव्हती. पुण्याच्या टीमने ती एकच चाल सगळ्यांना चढवलेली. बाईला कंबर थोडी जास्त हलवून, पोरांना थोडी घाई देऊन. प्रत्येकाला वेगळ्या क्षणी सुरू करून दिलेलं, म्हणून एकमेकांसारखे दिसत नव्हते. देवळासमोरचा तुकडा मात्र कापलेला, कारण त्यात पाय अडखळल्यासारखा वाटायचा. तिने बांधलेलं देऊळही आता रस्त्यावर उरलं नव्हतं. 'वरून' आलेलं, धार्मिक काही नको. त्या जागी आता होर्डिंग होतं. 'गाळे बुकिंग सुरू', आणि खाली हात जोडून हसणारा साकेत, गल्लीतल्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला लागतो तसा.

सोमवारी ती त्याच्या केबिनमध्ये गेली.

"अगं, भाऊकाकांसारखं नॅचरल चालणं मिळतच नाही कोणाचं," साकेत म्हणाला. जसं काही कौतुकच करत होता. "आम्ही अजून चार-पाच जण रेकॉर्ड केलेले. सगळे रोबो वाटले."

"एकच पात्र म्हणालेलास."

"तेव्हा एकच होतं. मग वरून आलं, गर्दी वाढवा."

"आणि ही जिवंत माणसं म्हणून सांगतोस दुकानदारांना."

"गाळे भरले की येतीलच ना जिवंत माणसं. गर्दी बघून गर्दी येते. नवीन मॉलवाले काय करतात? पहिल्या दिवशी आपलेच लोक फिरवतात."

"आपलेच. मेलेले नाही. भाऊंना काढ."

"काढलं तर रस्त्यावर कुत्रं उरणार नाही गं."

"कुत्र्यालाही भाऊच चढवलेत का, तेवढं बघून घे."

साकेत खुर्ची पुढे ओढून, समजूत काढायच्या आवाजात म्हणाला, "ऐक. पारासमोर एक बाक ठेवू. 'कैलासवासी भाऊ यांच्या स्मरणार्थ.' बागेत असतो ना, तसा. काकूंनाही बरं वाटेल."

"बाकावर तू बस."

"क्षिप्रा, मी वर विचारतो. वरून हो आलं की लगेच."

"विचार."

तो विचारणार नव्हता, हे तिला दारातून बाहेर पडतानाच कळलं. त्यानंतर तो तिला जिन्यात टाळायला लागला. आणि महिनाअखेरीला मोठा कार्यक्रम जाहीर झाला. टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये ठाण्या-डोंबिवलीचे दुकानदार आणि कंपनीत पहिला पैसा घातलेल्या फंडाची बाई, टान्या डिमेलो. दुकानदार गाळे घेताना दिसले की टान्याचा फंड पुढचा पैसा सोडणार. नाहीतर 'नाका' तिथेच मिटणार. पडद्यावर रस्ता चालवायचं काम क्षिप्राकडे, कारण रस्ता तिचा.

भाऊंना पुसून टाकणं तिला एका दुपारचं काम होतं. पण पुण्याच्या मशीनवर दुसरी प्रत होती. आज पुसले तर उद्या सकाळी पुन्हा साड्या नेसून हजर. साकेतला दिवसभराची डोकेदुखी, बस. क्षिप्राला त्याला डोकेदुखी द्यायची नव्हती. तिला त्याचं नाक कापायचं होतं. चारचौघांत, आणि ज्या चारचौघांसमोर तो ते वर करून फिरतो त्यांच्याचसमोर. राग तिने कोणाला दिसू दिला नाही. चहाच्या वेळी ती सगळ्यांबरोबर हसली, साकेतने विचारलं तेव्हा "रस्ता एकदम तयार आहे" म्हणाली. तिला असं हसता येतं हे तिचं तिलाच नवीन होतं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही.

तिने काहीही मोडलं नाही. कापलं होतं तेवढंच परत जोडलं. भाऊंचं मूळ रेकॉर्डिंग तिच्याकडे होतं. त्यातला देवळाचा तुकडा तिने गर्दीतल्या प्रत्येकाच्या चालीत आपल्या जागी बसवला. फरक एकच केला. होर्डिंगचे दिवे लागले की सगळ्यांना तो तुकडा एकाच क्षणी लागेल, आणि मग थोड्या थोड्या वेळाने पुन्हा. दिवे लावायचा रिमोट त्या दिवशी साकेतच्याच हातात असणार होता. फीत कापण्याऐवजी दिवे, ही कल्पनाही त्याचीच.

हेमाला तिने सोबत आणलं. "आई, बोलू नको काही. नुसती बस."

"मी कुठे कोणाशी बोलते?" हेमा म्हणाली आणि तिसऱ्या रांगेत बसली. साकेत येऊन तिच्या पाया पडला. तिने पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

बटाटेवडे झाले, कॉफी झाली. दिवे मंद झाले, आणि सगळ्या भिंतीभर रस्ता उजळला. दुकानदार खुर्चीत पुढे सरकले. काही झालं तरी रस्ता सुंदर होता.

"ही सगळी माणसं आत्ता, या क्षणी आत आहेत," साकेत माइकवर म्हणाला. "कोणी मस्कतला, कोणी न्यू जर्सीला. आपली माणसं. जिवंत. आणि यांना आपल्याच दुकानातून खरेदी करायचीय."

नौपाड्यात साड्यांचं दुकान असलेला संदेश हात वर करून म्हणाला, "माणसं खूप आहेत, मान्य. पण हातात पिशवी एकाच्याही नाही. माझ्या दुकानावरून तर रिकाम्या हाताने कोणी जात नाही."

"संदेशशेठ, तुमचा गाळा उघडू द्या, मग बघा पिशव्या."

लोक हसले. संदेशही हसला. पुढच्या रांगेत टान्याने काहीतरी मोबाइलवर टिपून घेतलं. साकेतला हीच वेळ योग्य वाटली. त्याने रिमोट उचलला, "चला, करूया सुरुवात," म्हणाला आणि बटण दाबलं.

होर्डिंग लखलखलं. हात जोडलेला साकेत झळाळून निघाला.

आणि रस्त्यावरचा प्रत्येक माणूस एकदम अडखळला. नऊवारीतल्या बाईने, सॅकवाल्या पोराने, पोलिसाने, फुलवालीच्या गिऱ्हाइकाने, फोनवर बोलणाऱ्याने, सगळ्यांनी एकाच क्षणी डावा पाय उचलून चप्पल अर्धी काढली. ज्यांच्या पायात बूट होते त्यांनीही. हात कपाळाला गेले. तेच हात छातीवर आले. माना किंचित वाकल्या. पाय खाली टेकले आणि गर्दी चालायला लागली.

"वा," मागून कोणीतरी म्हणालं. "साकेतच्या फोटोला नमस्कार. भारी आयडिया आहे."

टाळ्याही पडल्या दोन-चार. साकेतने पडद्याकडे पाहिलं, मग क्षिप्राकडे. ती लॅपटॉपवर बोटं ठेवून शांत बसलेली.

मग ते पुन्हा झालं. तोच पाय, तेच कपाळ, तीच छाती. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आता लोकांना गुडघाही दिसायला लागला. बाहेर फेकलेला उजवा गुडघा, बाईचा, पोराचा, पोलिसाचा. खाली गेलेला खांदा. एकदा दिसला की डोळा तिथून हलत नव्हता.

तिसऱ्या रांगेत हेमा उभी राहिली. पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि साध्या आवाजात म्हणाली, "ते माझे यजमान आहेत."

संदेश शेजारीच होता. त्याने पडद्यावर बोट फिरवत विचारलं, "कोणते हो, काकू?"

"सगळे."

हेमा खाली बसली नाही. "गेल्या थंडीत वारले. या मुलाने माझ्या घरी जेवता जेवता त्यांची चाल मागून नेली. एकच आजोबा करतो म्हणाला होता."

टान्या उठून पडद्याजवळ गेली. ती उत्तनची, मच्छीमारांच्या घरातली. आता मोठ्या फंडात असली तरी बोलताना ते लपवत नसे. पुन्हा एकदा हात कपाळाला गेले, छातीवर आले, आणि ती बघत राहिली.

"माझी आजी क्रूसासमोरून जायची ना, तेव्हा एका हाताने डोक्यावरची मासळीची टोपली धरायची आणि दुसरा हात असाच न्यायची," ती म्हणाली. "बाजार गाठायची घाई. थांबायची नाही, पण चुकवायचीही नाही. हे शिकवून येत नाही कोणाला. पण तिथे क्रूस होता. इथे काय आहे, साकेत? कोणाला करतायत हे?"

"ग्लिच आहे," साकेत म्हणाला. "टेक्निकल. इथे आधी देऊळ होतं, ते काढलं, त्यामुळे..."

"का काढलं?"

"वरून आलेलं."

"वर कोण?"

साकेतने सवयीने छताकडे बघितलं. मग त्याच्या लक्षात आलं की समोर कोण उभं आहे, आणि ते बघणं अर्ध्यावर राहिलं.

"म्हणजे... बोर्ड."

"बोर्डावर मी बसते रे," टान्या म्हणाली. "तुला सोडून तिथे आम्हीच. देऊळ काढा असं आम्ही कधी सांगितलं? एका मेलेल्या माणसाला शंभर कपडे चढवून जिवंत गिऱ्हाईक म्हणून दाखव, हे कुठल्या मीटिंगमध्ये ठरलं?"

संदेशने खिशातलं पेन काढलं होतं, बुकिंगसाठी. ते त्याने टोपण लावून परत खिशात ठेवलं. ते बघून मागच्या रांगेतले दोघे उठले.

साकेत लगबगीने क्षिप्रापाशी आला आणि दात आवळून म्हणाला, "बंद कर ते."

"वरून येऊ दे," क्षिप्रा म्हणाली.

हे तीन शब्द म्हणताना तिला जे सुख झालं त्याची तिला लाज वाटली नाही. पडद्यावर पुन्हा चपला निघाल्या, हात कपाळावरून छातीवर आले, आणि तिथेच तिने सगळं थांबवलं. पूर्ण रस्ता छातीवर हात ठेवून, मान वाकवून उभा. नऊवारीत भाऊ, जीन्समध्ये भाऊ, खाकीत भाऊ. आणि त्या सगळ्यांच्या समोर हात जोडून हसणारा साकेत.

"क्षिप्रा, प्लीज," तो हळू आवाजात म्हणाला. "आपण घरचे आहोत."

"घरचा होतास म्हणून तर चोरता आलं." तिने आवाज खाली घेतला नाही. माइक त्याच्याच हातात होता आणि चालू होता, त्यामुळे शेवटच्या रांगेलाही सगळं ऐकू जात होतं. "भाऊ इथल्या मशीनवर आहेत आणि पुण्याच्या मशीनवर आहेत. दोन्ही ठिकाणाहून ते जाणार, आज, आईच्या डोळ्यांसमोर. पुण्याला फोन लाव आणि स्पीकरवर ठेव."

साकेतने फोन काढला. अंगठा स्क्रीनवर नेला, तिथेच धरला. टान्याकडे पाहिलं, दुकानदारांकडे पाहिलं, तिसऱ्या रांगेत अजून उभ्या असलेल्या हेमाकडे मात्र पाहिलं नाही. मग त्याची मान पुन्हा हळूच वर जायला लागली.

"वर बघू नको, तिथे पंखा आहे," क्षिप्रा म्हणाली. "इकडे बघ. आईकडे बघ आणि तुझ्या तोंडाने सांग. काढतोयस की नाही?"